लग्नाचा चौक आणि सावकाराची चोपडी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी मी चार शब्द बोलावे असा निरोप आला तेव्हा मी आधी नकारच दिला होता. बोलण्याची सवय असलेल्या जाणत्या भगिनी आपल्यात पुष्कळ आहेत. पण त्याच आठवड्यात आपल्या मुलींनी सभागृहाच्या या भिंतीवर वारली चित्र काढायला घेतले. मी रोज संध्याकाळी येऊन बसत होते आणि पाहत होते. गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेघा उमटत होत्या. तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती हात गुंफून नाचणारी माणसे, झाड, मोर, आणि मधोमध एक चौकोन. “हा चौकोन कशाचा गं?” असे मी एका मुलीला विचारले. “डिझाइन आहे, मावशी,” ती म्हणाली. तिचे काही चुकले नाही. आपल्या पदरांवर, उशांच्या अभ्य्रांवर आणि कपबश्यांवर हे चित्र आता इतके सवयीचे झाले आहे की त्याला काही अर्थ असेल असे आपल्या मनातही येत नाही. त्या दिवशी मात्र, कित्येक वर्षे कुणाजवळ न बोललेली एक गोष्ट मला सांगावीशी वाटली. ती सांगण्यासाठीच मी आज उभी आहे.

त्या चौकोनाला चौक म्हणतात. वारल्यांच्या घरी लग्न निघाले म्हणजे सवाशिणी घराची भिंत सारवून तिच्यावर तांदळाच्या पिठाने हा चौक लिहितात. मध्ये पालघट देवी असते. ती सृष्टीची आई. चौकाच्या आत फणी आणि शिडी असते, सूर्यचंद्र असतात. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. आणखी एक गोष्ट ऐकून आपल्याला कौतुक वाटेल. या समाजात लग्न लावण्याचा मान बाईचा आहे. तिला धवलेरी म्हणतात. ती गाणी म्हणते, आणि त्या गाण्यांवर लग्न लागते. आपल्याकडे बाईने लग्न लावले तर आजही चार माणसे मान वळवून पाहतात. त्यांच्याकडे ती पिढ्यान् पिढ्यांची रीत आहे. पुढे १९७० नंतर ही चित्रे कागदावर उतरली. जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण मूळ हात बायकांचा.

आता मी एक दुसरी वस्तू आपल्यापुढे ठेवते. तिचेही नाते लग्नाशीच आहे.

माझे आजोळ डहाणू तालुक्यातले. गावाचे नाव मी सांगत नाही, कारण त्या घरची माणसे आज निरनिराळ्या ठिकाणी आहेत आणि त्यांना विचारून मी हे बोलत नाही. आजोबांची जमीन होती, गवताचा धंदा होता. त्या काळी मुंबईच्या तबेल्यांना लागणारे गवत या भागातून गासड्या बांधून जात असे. घरात सुबत्ता होती. आजी देवभक्त होती. दारी आलेला माणूस ताक प्यायल्याशिवाय जात नसे, असे आई अभिमानाने सांगे. आई गेल्यावर तिची ट्रंक आवरताना तळाशी मला आजोबांची एक चोपडी सापडली. लांबट, लाल कापडाची. आईने ती का ठेवली होती हे तिने मला कधी सांगितले नाही.

चोपडीत एका पानावर एका वारल्याचे नाव आहे, आणि त्याखाली लिहिले आहे: “लग्नापोटी रुपये ६०.” त्याखाली खावटीचे भात. त्याखाली व्याज. मग पुन्हा खावटी, पुन्हा व्याज. अकरा वर्षांच्या नोंदी आहेत. अकरा वर्षे तो माणूस आजोबांच्या शेतावर आणि घरी राबला, आणि अकराव्या वर्षी त्याच्या नावावरची रक्कम पहिल्यापेक्षा मोठी आहे. शेवटची नोंद १९४५ च्या जूनची. तीत एकच शब्द आहे: “गेला.”

मैत्रिणींनो, या पद्धतीला लग्नगडी म्हणत. लग्न करायचे तर दारू, धान्य, लुगडे लागे. पैसा नसे. जमीनदार पैसे देई आणि त्या बदल्यात नवरा मुलगा त्याचा गडी होई. कर्ज फिटेपर्यंत राबायचे, आणि कर्ज फिटत नसे, कारण हिशेब लिहिणारा एकच होता आणि वाचणाराही तोच. गड्याबरोबर त्याची बायको आपोआप येई. तिने सडासारवण करायचे, पाणी ओढायचे, भात सडायचे, शेण काढायचे. तिला वेगळी मजुरी नसे. काही घरांत तिच्या वाट्याला याहून वाईट येई. ते मी शब्दांत सांगत नाही, आपण सर्वजणी जाणत्या आहोत. १९३८ साली सिमिंग्टन नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने मुंबई सरकारसाठी या भागाची पाहणी करून अहवाल दिला. त्यात लग्नगडी, वेठ, मारहाण आणि बायकांवरचे अत्याचार हे सर्व लिहिलेले आहे. सरकारला माहीत नव्हते असे नाही. माहीत होते, आणि अहवाल कपाटात होता.

ज्या चौकापुढे नवरानवरी बसत, त्याच चौकापासून दास्य सुरू होई. सवाशिणी भिंतीवर तांदळाचे पीठ लावीत होत्या तेव्हा माझ्या आजोबांच्या ओटीवर त्याच लग्नाची नोंद शाईने होत होती. ही दोन लिखाणे माझ्या मनात आता वेगळी होत नाहीत.

आपण म्हणाल, माणसे असे कर्ज काढीतच का? स्वतःच्या जमिनीवर पिकवून खात का नव्हती? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

वारली डोंगराजंगलाचा माणूस. जंगलाचा तुकडा साफ करावा, राब जाळावा, नाचणी-वरी पेरावी, मोहाची फुले वेचावी, नदीत मासे धरावे, असा त्याचा संसार. जमीन कुणाची, हा प्रश्न त्याला पडत नसे. जो कसतो त्याची. सारा घेण्याची चालही अनेक ठिकाणी नांगरावर होती. इंग्रजांचे राज्य आले, आणि गेल्या शतकाच्या मागल्या शतकात त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली मोजणी. जमिनीचे तुकडे मोजून प्रत्येकाला खातेदार ठरवले आणि सारा रोख ठरवला. तो ठरल्या दिवशी भरायचा, पीक येवो न येवो. रोख पैसा डोंगरात कुठून यायचा? तो सावकाराकडून आला. आणि जमीन आता विकता येण्याजोगी, गहाण टाकता येण्याजोगी वस्तू झाली होती. दुसरी गोष्ट जंगलाचे कायदे. १८६५ चा, मग १८७८ चा. काल जे रान आपले होते ते आज राखीव झाले. लाकूड तोडणे गुन्हा, राबासाठी पाला तोडणे गुन्हा, गुरे चारणे गुन्हा. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत यावरून इतका असंतोष माजला की सरकारला १८८५ साली एक चौकशी समिती नेमावी लागली.

तेव्हा वारल्याच्या हातून आधी जंगल गेले आणि मग जमीन. कशी गेली तेही चोपडीतच आहे. त्याच वारल्याच्या बापाची सात एकर जमीन खावटीच्या बाकीपोटी आमच्या पणजोबांच्या नावे झाली. खरेदीखत आहे, त्यावर अंगठा आहे. कोर्टात गेले असते तरी निकाल आमच्याच बाजूने लागला असता. कोर्टाला कागद दिसतो, आणि कागद आमच्याकडे होता. वारल्याकडे फक्त तोंडचा शब्द होता. आपल्याच शेतावर कूळ, मग आपल्याच शेतावर मजूर, मग लग्नगडी, अशा या तीन पायऱ्या आहेत.

हे सर्व लोकांनी मुकाट सोसले असे समजू नका. आपण ठाण्यात राहतो. रोज ज्या तुरुंगावरून आपण जातो, त्या ठाण्याच्या तुरुंगात २ मे १८४८ रोजी राघोजी भांगरे यांना फाशी दिले. ते महादेव कोळी समाजाचे, अकोले तालुक्यातील देवगावचे. सावकार आणि त्यांना पाठीशी घालणारे इंग्रज सरकार या दोघांविरुद्ध त्यांनी सह्याद्रीच्या खोऱ्यांत बंड केले होते. बंड मोडले, पण ते ज्या कारणासाठी झाले ते कारण तसेच राहिले.

आणि आता मी आपणाला एका बाईविषयी सांगणार आहे.

गोदावरी गोखले पुण्याच्या. चांगल्या सुखवस्तू घरातल्या. महाराष्ट्रातील कायद्याच्या पहिल्या स्त्री-पदवीधर म्हणून त्यांचे नाव घेतात. भारत सेवक समाजात त्यांनी काम केले, मुंबईत प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवण्याची मोहीम चालवली, घरकामगारांची संघटना बांधली. १९३९ साली शामराव परुळेकरांशी त्यांचे लग्न झाले आणि दोघेही किसान सभेच्या कामाला लागली. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिला उंबरगावकडचे काही वारली आले. त्यांनी पहिल्यांदाच पाहिले की आपल्यासारखी गांजलेली माणसे एकत्र जमून उघडपणे बोलतात. परत जाताना त्यांनी निरोप ठेवला: आमच्याकडे या.

त्या गेल्या. ज्या बाईला मुंबईत वकिली करून सुखात राहता आले असते ती या पाड्यांवर चालत फिरू लागली. झोपडीत राहावे, असेल ते खावे. पहिल्या पहिल्यांदा लोक बोलत नसत. जमीनदाराची माणसे आसपास असत. या साऱ्याची हकीकत त्यांनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली. ते १९७० साली निघाले आणि त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. आपल्या वाचनालयात त्याची प्रत नाही, हे मी मुद्दाम बघून आले आहे.

२३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांची परिषद झाली. पाच हजारांवर माणसे आली. तिथे ठरले ते अगदी साधे होते. वेठ करायची नाही. फुकट राबायचे नाही, दिवसाला बारा आणे रोख मजुरी मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या खाजगी शेतावर जायचे नाही. आणि लग्नगडी यापुढे नाही. आपण आज वाचतो तेव्हा वाटते, यात विशेष ते काय? पण ज्याने उभ्या जन्मात जमीनदारापुढे मान वर केली नव्हती त्याने “नाही” हा एक शब्द उच्चारणे किती अवघड असेल, याचा विचार करून पाहा. आपल्यापैकी ज्या घरात कधी “नाही” म्हणाल्या असतील त्यांना ते कळेल.

परिषद संपली आणि ती माणसे घरी जाऊन बसली नाहीत. लाल बावटा घेऊन ती पाड्यापाड्यांतून, जमीनदारांच्या दारांपर्यंत गेली. जिथे जिथे लग्नगडी होते तिथे त्यांना सांगितले, चला, तुम्ही मोकळे आहात. थोड्याच आठवड्यांत ती पद्धत त्या भागातून नाहीशी झाली. सरकारने कायदा करून वेठबिगारी नष्ट केली ती १९७६ साली. वारल्यांनी आपल्या मुलखातली लग्नगड्याची चाल त्याच्या एकतीस वर्षे आधी स्वतःच्या पायांनी चालत जाऊन मोडली होती.

आमच्या आजोबांच्या दारीही माणसे आली. आई तेव्हा बारा वर्षांची होती. तिने मला हे एकदाच सांगितले. संध्याकाळची वेळ होती. अंगण भरले होते. कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी कशाला हात लावला नाही. आजोबा दार लावून आत बसले. गडी, त्याची बायको आणि त्यांची लहान पोर एक गाठोडे घेऊन गोठ्यामागच्या खोपटातून निघाली आणि त्या गर्दीत मिसळली. दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने जन्मात पहिल्यांदा स्वतः विहिरीचे पाणी ओढले. तिच्या तळहाताला फोड आले. “वारली बिघडले,” असे ती पुढे मरेपर्यंत म्हणत असे.

आईला त्या गड्याच्या बायकोची आठवण होती. पावसात ओढा भरला की तिने आईला खांद्यावर घेऊन शाळेला पोहोचवले होते. मी विचारले, “तिचे नाव काय?” आई गप्प झाली. तिला ठाऊक नव्हते. घरात तिला सगळे गड्याचे नाव घेऊन “त्याची बायको” म्हणत. चोपडी सापडली तेव्हा मी तिचे नाव शोधले. सबंध चोपडीत ते नाही. अकरा वर्षे तिने पाणी ओढले, भात सडले, आमच्या आईला खांद्यावर वाहिले, आणि कर्जाच्या वहीतसुद्धा तिच्या नावाला जागा नव्हती.

पुढची हकीकत आपणास थोडक्यात सांगते. त्याच वर्षी गवतकापणीचा हंगाम आला. पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मिळावेत अशी मागणी ठेवून वारल्यांनी काम बंद ठेवले. १० ऑक्टोबर १९४५ च्या रात्री तलवाडा येथे हजारो वारली जमले होते. गोदावरीबाई तिथे येणार आहेत आणि त्यांच्या जिवाला धोका आहे, अशी कंडी जमीनदारांच्या माणसांनी पिकवली होती. तिकडे पोलिसांना सांगितले की वारली हत्यारे घेऊन चाल करून येत आहेत. आपल्या बाईला वाचवायला जी माणसे आली होती त्यांच्यावर गोळीबार झाला. पाचजण ठार झाले. त्यांत जेठ्या गांगड होता. माणसे लगेच पांगली नाहीत. बाई सुखरूप आहे हे कळेपर्यंत ती थांबली होती. गोदावरीबाईंना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जिल्ह्यातून हद्दपार केले, तरी संप मोडला नाही. दुसऱ्या वर्षी जंगलतोडीच्या कामाला दिवसाला सव्वा रुपया मिळावा म्हणून पुन्हा संप झाला. तेव्हा आपल्याच लोकांचे मंत्रिमंडळ होते, तरीही हद्दपारीचे हुकूम निघाले, आणि १९४७ च्या जानेवारीत पालघर तालुक्यातील नानिवली येथे पुन्हा गोळीबार होऊन माणसे मेली. राजकारणात कोण बरोबर आणि कोण चूक याचा निवाडा करायला मी इथे उभी नाही. आपल्या मंडळात सर्व मतांच्या भगिनी आहेत. पण मजुरी मागणाऱ्या माणसावर गोळी का चालावी, हे कुणालाच पटवून देता येणार नाही.

माणसे मोकळी झाली. जमिनीचे काय?

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली कुळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून कसत होता तो मालक व्हावा. कित्येक वारल्यांना अशी जमीन मिळाली आणि ती त्यांच्या लढ्याचीच मिळकत होती. पण इथेही कागदाचा प्रश्न आला. ज्याचे नाव कूळ म्हणून लागलेले तो मालक झाला. ज्याचे नाव लागलेच नव्हते त्याला काय मिळणार? आमच्या आजोबांची काही जमीन कुळांना गेली. काही राहिली. जी राहिली ती कोण कसत होते हे सर्व गावाला ठाऊक होते, परंतु कागदावर कुणाचेच नाव नव्हते. मग १९७४ साली आदिवासींची बिगरआदिवासींकडे गेलेली जमीन परत देण्याचा कायदा झाला. तो चांगला कायदा होता. पण त्याची मर्यादा १ एप्रिल १९५७ पासून ६ जुलै १९७४ पर्यंतच्या व्यवहारांची. पणजोबांच्या काळातल्या त्या सात एकरांपर्यंत तो पोहोचतच नव्हता. इंग्रजी राज्यात ज्यांची जमीन गेली त्यांच्यासाठी दार बंदच राहिले.

ती उरलेली जमीन मामांनी पुढे विकली. आईला तिचा वाटा मिळाला. तिने तो मला दिला. मैत्रिणींनो, ठाण्यात आम्ही घर घेतले त्याच्या पहिल्या हप्त्यात ते पैसे आहेत. हेच मला सांगायचे होते. मी कुणाला लुबाडलेले नाही. माझ्या आईनेही नाही. पण ज्या घराच्या दारात मी रोज रांगोळी काढते त्या घरात त्या सात एकरांचा काही भाग आहे, आणि हे मला आता ठाऊक झाले आहे. ठाऊक झालेली गोष्ट परत नाठाऊक करता येत नाही.

जंगलजमिनीचे पुढे काय झाले तेही ऐका. डोंगरउतारावर जी माणसे पिढ्यान् पिढ्या कसत होती त्यांना सरकारदरबारी अतिक्रमण करणारे म्हणत. दंड होत, उभी पिके उपटली जात. दीर्घ लढ्यानंतर २००६ साली वनहक्क कायदा झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आदिवासी कुटुंब जी वनजमीन कसत आहे तिच्यावर, चार हेक्टरांपर्यंत, त्याचा हक्क मान्य करावा असे तो सांगतो. त्या कायद्यातील दोन गोष्टी मी वाचल्या तेव्हा माझे डोळे भरून आले. एक अशी की, दाव्याचा पुरावा म्हणून गावच्या वडीलधाऱ्या माणसांचे लिहून घेतलेले सांगणे नियमांनी मान्य केले आहे. ज्या तोंडच्या शब्दाला इंग्रजांच्या कोर्टात किंमत नव्हती, तो शब्द आता पुरावा झाला. दुसरी अशी की, माणूस विवाहित असेल तर हक्काचा कागद नवरा आणि बायको या दोघांच्या नावे निघतो. तशी कायद्यात अटच आहे.

कायदा झाला म्हणजे काम झाले असे नसते, हे आपण बायका चांगले जाणतो. पुष्कळ दावे नामंजूर झाले, पुष्कळ तसेच पडून राहिले, काहींना कसत होते त्याच्या थोड्याच भागाचा कागद मिळाला. म्हणून २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईला निघाला. त्यात आदिवासी फार मोठ्या संख्येने होते आणि वनजमीन ही त्यांची मुख्य मागणी होती. तो आपल्या ठाण्यावरून गेला. आपल्यापैकी काहीजणी पाणी आणि बिस्किटे घेऊन रस्त्यावर गेल्या होत्या, मीही होते. म्हाताऱ्या बायकांच्या टाचा फुटून रक्त आले होते. ११ मार्चच्या रात्री, दिवसभर चालून दमलेली ती माणसे पुन्हा उठली आणि रातोरात आझाद मैदानावर गेली, कारण दुसऱ्या दिवशी मुलांची दहावीची परीक्षा होती आणि रस्ते अडू नयेत असे त्यांना वाटले. माझ्या आजीच्या आजन्म तोंडी असलेले “वारली बिघडले” हे शब्द मला त्या रात्री आठवले, आणि लाज वाटली.

गेल्या हिवाळ्यात मंडळासाठी चित्रे आणायला आम्ही तिघीजणी तलासरी तालुक्यात गेलो होतो. एका घरी चित्रे पाहून झाल्यावर त्या बाईंनी आतून एक कागद आणला. प्लॅस्टिकमध्ये नीट घातलेला. वनहक्काचा. त्यांना वाचता येत नव्हते. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला आणि दोन नावांपैकी दुसऱ्या नावावर बरोबर बोट ठेवून म्हणाल्या, “हे माझे.” मी ते मोठ्याने वाचून दाखवले. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितले. मी पुन्हा वाचले. माझ्या पर्समध्ये त्या दिवशी चोपडीतल्या त्या पानाचा फोटो होता. त्यांना दाखवावा असे फार वाटले. धीर झाला नाही. म्हणून आज इथे, आपल्या माणसांत, बोलून मोकळी होत आहे. पण खरे बोलणे तिकडे व्हायला हवे, हे मला समजते. येत्या मे महिन्यात मी पुन्हा जाणार आहे. तेव्हा चोपडी बरोबर नेईन. त्या गड्याचे कुणी नातलग भेटले, तर ती त्यांची वस्तू आहे.

आता आपल्या मंडळाला माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक वाचनालयात घ्यावे आणि आपल्या वाचनमंडळात सर्वांनी मिळून वाचावे. दुसरी, यापुढे वारली चित्रे आपण घेऊ ती चितारणाऱ्या बाईकडूनच घ्यावीत, तिला योग्य मोल द्यावे आणि चित्राखाली तिचे नाव घालावे. भिंतीवरच्या या चित्राखालीही मुलींनी लिहावे की हा लग्नाचा चौक आहे, आणि लग्नगड्याची चाल बंद करायचे झरीला ठरले तो दिवस २३ मे १९४५ होता.

तिसरी विनंती आपणा प्रत्येकीला आहे. घरी गेल्यावर कपाटातला घराचा कागद काढून पाहा. त्यावर आपले नाव आहे का? तलासरीच्या त्या बाईंचे आहे. आपल्यापैकी किती जणींचे असेल, हे मी विचारत नाही. आपणच पाहावे. जी बाई घर सांभाळते, शेत राखते, पाणी भरते, तिचे नाव वहीत नसणे ही गोष्ट फक्त माझ्या आजोळच्या चोपडीतली नाही.